गोसीखुर्दचा हिशेब: ३७२ कोटींपासून २५,९७२ कोटींपर्यंत

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेले गोसीखुर्दचे धरण अकरा किलोमीटरांहून अधिक लांब असून त्याला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात त्यातले किती दरवाजे किती मीटरने उघडले, याची बातमी भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोलीतली नदीकाठची गावे जीव मुठीत धरून ऐकतात. धरणाची ही बाजू सर्वांना दिसते. या प्रकरणात मात्र त्याची दुसरी बाजू तपासायची आहे, जी सरकारी खतावणीत राहते आणि जिच्याकडे पुराइतक्या लक्षपूर्वक कोणी पाहत नाही. एका विकसनशील देशातील एका मोठ्या राज्याची सार्वजनिक वित्तव्यवस्था लांबच्या पल्ल्यात टिकाऊ आहे की नाही, हे अर्थसंकल्पाच्या भाषणातून जितके कळते, त्याहून अधिक अशा एका प्रकल्पाची कागदपत्रे क्रमाने वाचल्यावर कळते, असे माझे मत आहे. गोसीखुर्दसारखा धडा देणारा दुसरा प्रकल्प विदर्भात मला आढळलेला नाही.

प्रकल्पाला पहिली प्रशासकीय मान्यता १९८३ मध्ये मिळाली तेव्हा त्याची किंमत ३७२ कोटी २२ लाख रुपये धरली होती. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. त्यानंतर जलसंपदा खात्याच्या बोलीत ज्याला ‘सुप्रमा’ म्हणतात ती सुधारित प्रशासकीय मान्यता चार वेळा घ्यावी लागली. पहिलीत किंमत २,०९१ कोटी झाली, दुसरीत ७,७७७ कोटी, २०१६ च्या तिसरीत १८,४९४ कोटी, आणि २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या चौथीत २५,९७२ कोटी. मूळ आकड्याच्या सुमारे सत्तर पट अशी ही वाढ आहे.

महागाईमुळे किंमत वाढणारच, हे उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते अर्धे खरे आहे. पण उरलेले अर्धे तपासून पाहता येते. १९८३ पासून २०१६ पर्यंतच्या तेहतीस वर्षांत दरवर्षी ८ टक्के भाववाढ झाली असे सढळ हाताने धरले, तरी ३७२ कोटींचे सुमारे ४,७०० कोटी होतात. तिसऱ्या सुप्रमाचा आकडा त्याच्या जवळपास चौपट होता. म्हणजे वाढीचा मोठा भाग महागाईचा नसून विलंबाचा, अपुऱ्या सर्वेक्षणाचा, बदललेल्या आराखड्याचा, नंतर जोडलेल्या उपसा सिंचन योजनांचा, उशिरा झालेल्या भूसंपादनाचा आणि पुन्हा करावा लागलेल्या निकृष्ट कामाचा होता. डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाची झालेली दैना लाभक्षेत्रातल्या कोणत्याही शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेली आहे. एकच कालवा दोनदा बांधण्याचा खर्च शेवटी एकाच पिढीच्या करांतून आणि कर्जांतून द्यावा लागतो.

या सगळ्या कारणांच्या मुळाशी जे कारण मला दिसते, त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. राज्यात एकाच वेळी शेकडो पाटबंधारे प्रकल्प सुरू होते आणि वार्षिक तरतूद त्या सगळ्यांत वाटली जात होती. समजा, वर्षाला १०० रुपये देण्याची ऐपत असलेल्या खात्याने १,००० रुपयांची कामे हाती घेतली. पहिल्या वर्षी १०० रुपये खर्च झाले, ९०० रुपयांचे काम उरले. त्या वर्षात बांधकामाचे दर आणि जमिनीचा मोबदला मिळून खर्च १० टक्क्यांनी वाढला, तर उरलेले काम ९९० रुपयांचे होते. शंभर रुपये खर्चून खाते केवळ दहा रुपयांनी पुढे सरकले. तरतूदही त्याच वेगाने वाढत नसेल, तर प्रत्येक नवे भूमिपूजन आधीच्या सगळ्या प्रकल्पांची अखेर लांबवत राहते. आपल्याकडे कर्ज मोजताना बँकेचे, रोख्यांचे आणि केंद्राचे देणे मोजले जाते. मान्यता दिलेल्या पण पैसा न दिलेल्या कामांचे हे दायित्व कर्जाच्या कोणत्याही रकान्यात लिहिले जात नाही, आणि तरीही ते व्याजासारखेच वाढते. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांच्या किमतींत २००९ सालच्या अवघ्या काही महिन्यांत मिळून सुमारे २० हजार कोटींची वाढ मंजूर झाली. त्यावर पुढे २०१२ ची श्वेतपत्रिका आणि माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समिती आली. त्या वेळची चर्चा बहुतांशी भ्रष्टाचाराभोवती फिरली, आणि ते स्वाभाविकच होते. पण उद्या प्रत्येक निविदा निर्मळ निघाली असती, तरीही ऐपतीच्या अनेक पट मान्यता देण्याची पद्धत तशीच राहिली असती आणि तिजोरीवरचा हा न लिहिलेला बोजा वाढतच गेला असता, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

पुनर्वसनाचा भाग या दृष्टीने विशेष बोलका आहे. धरणाची भिंत उभी राहिली, पण बुडीत क्षेत्रातली गावे हलली नाहीत, त्यामुळे जलाशय २४५.५० मीटरच्या पूर्ण संचय पातळीपर्यंत भरता येईना. भिंतीवर खर्च झालेला पैसा त्या काळात अर्धवट उपयोगी पडत होता, आणि विस्थापितांना मिळालेला सुरुवातीचा मोबदला इतका तुटपुंजा होता की त्या पैशात दुसरीकडे तितकीच जमीन घेणे कोणाला शक्य नव्हते. अखेर २०१३ मध्ये राज्य सरकारने सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज दिले. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला आणि ग्रामीण भागातला मोबदला आणखी वाढला. तो वाढायलाच हवा होता. पण ज्यांची घरे व शेते पाण्याखाली जाणार हे १९८३ मध्येच ठाऊक होते, त्यांचे देणे त्यांना सन्मानाने तेव्हाच दिले असते, तर ते त्यांच्या दृष्टीने न्याय्य ठरले असते आणि तिजोरीच्या दृष्टीने स्वस्तही. विस्थापितांच्या हक्काकडे केलेले दुर्लक्ष काटकसर म्हणून हिशेबात दिसते, आणि वीस-पंचवीस वर्षांनी व्याजासकट परत येते.

आता पैसा कोठून आला ते पाहू. १९९६ मध्ये कृष्णा खोऱ्यासाठी आणि १९९७ मध्ये विदर्भासाठी पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले. राज्याच्या हमीवर बाजारात रोखे विकून महामंडळाने भांडवल उभारावे, कामे झपाट्याने पुरी करावी आणि पाणी विकून कर्ज फेडावे, अशी कल्पना होती. कृष्णा खोरे महामंडळाच्या सुरुवातीच्या रोख्यांवरचा व्याजदर १७ टक्क्यांच्या वर गेला होता. महामंडळांना स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न फारसे नव्हते, कारण पाणीपट्टीचा दर देखभाल आणि व्यवस्थापनाच्या खर्चाशी जोडलेला आहे. भांडवलाची परतफेड त्यात धरलेलीच नसते, आणि लहान शेतकऱ्याकडून ती वसूल करणे रास्तही ठरले नसते. त्यामुळे ज्या कर्जाची नोंद अर्थसंकल्पाबाहेर होती, त्याची परतफेड मात्र अर्थसंकल्पातूनच झाली.

हीच वाट नंतर वेगळ्या नावांनी पुन्हा चालली गेली. फेब्रुवारी २००९ मध्ये गोसीखुर्दला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि उरलेल्या खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत केंद्राचे अनुदान मिळण्याची सोय झाली. २०१६ मध्ये देशातल्या ९९ प्राधान्याच्या प्रकल्पांसाठी नाबार्डमध्ये दीर्घकालीन सिंचन निधी उभारण्यात आला. त्यातून राज्याने आपल्या वाट्यासाठी कर्ज घेतले, आणि केंद्राचा वाटाही राष्ट्रीय जलविकास अभिकरणाच्या नावे नाबार्डकडून उचलण्यात आला. म्हणजे एकाच कालव्यासाठी दोन्ही सरकारांनी आपापल्या अर्थसंकल्पाबाहेरून कर्ज काढले. २०२१ पासून केंद्राने आपली अशी कर्जे अर्थसंकल्पात दाखवायला सुरुवात केली, आणि २०२२ मध्ये राज्यांच्या महामंडळांनी काढलेली, पण राज्याच्या तिजोरीतून फेडली जाणारी कर्जे संविधानाच्या कलम २९३ खालील कर्जमर्यादेत धरली जाऊ लागली. काही राज्यांना हा निर्णय केंद्राची दांडगाई वाटला, आणि संघराज्याच्या अंगाने त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. पण हिशेबाच्या अंगाने पाहिले तर जे कर्ज करदाता फेडणार आहे ते करदात्याला दिसले पाहिजे, आणि पंचवीस वर्षे ते दिसत नव्हते, हे गोसीखुर्दच्या प्रकरणातून स्पष्ट होते.

प्रकल्पाची नियोजित सिंचन क्षमता २,५०,८०० हेक्टर आहे. २५,९७२ कोटींना या क्षेत्राने भागले तर हेक्टरी भांडवल सुमारे १० लाख ३५ हजार रुपये येते. राज्याला बाजारातून साडेसात टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळते असे धरले आणि समजण्याच्या सोयीसाठी सगळे भांडवल कर्जाचे मानले, तर एका हेक्टरमागे केवळ व्याजच वर्षाला साडेसत्त्याहत्तर हजार रुपये होते. आता त्या हेक्टरात काय पिकते ते पाहू. पाणी हमखास असलेल्या बांधीत हेक्टरी ४० क्विंटल धान झाले असे मानू. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव २,३६९ रुपये आहे, म्हणजे एकूण उत्पन्न पाऊण लाखाच्या पुढे, ९५ हजारांच्या आत. त्यातून पऱ्हे (धानाची रोपे), चिखलणी, रोवणी, खत, निंदण, कापणी आणि मळणीचा खर्च जायचा आहे. शिवाय वरच्या पावसावरही काही धान होतेच. ते निम्मे धरले, तर कालव्याच्या पाण्यामुळे वाढलेले उत्पन्न ४७ हजारांच्या आसपास राहते. व्याजाच्या आकड्यापेक्षा ते कमी आहे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की विदर्भात धरणे बांधणेच चूक होते. तो निष्कर्ष मला मान्य नाही आणि या आकडेमोडीतून तो निघतही नाही. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला, तेव्हा विदर्भाच्या सिंचनाची तूट राज्याच्या सरासरीशी तुलना करून आकड्यांत मांडली गेली. त्या अनुशेषाची किंमत कोरडवाहू शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दिली आहे आणि पश्चिम विदर्भात अनेक घरांनी ती प्राणाने दिली आहे. जो प्रकल्प मूळ किमतीच्या आसपास दहा-बारा वर्षांत पुरा झाला असता, त्याने आपले भांडवल कितीतरी पटींनी परत दिले असते. हिशेब बिघडवला तो उशिराने. साडेसात टक्के दराने घेतलेले १०० रुपये वीस वर्षे काहीही परत न देता पडून राहिले, तर त्यांचे सव्वाचारशे रुपये होतात, आणि त्यानंतर आलेल्या पाण्याला तेवढा भार पेलावा लागतो. तो पेलायचा असेल तर एकट्या खरीप धानावर भागणार नाही. रब्बीचा हरभरा, भाजीपाला, भिवापूरकडची मिरची, मासेमारी, आणि माल साठवण्याची व विकण्याची जवळची सोय हे सगळे जुळून आले, तरच एकाच पाण्यातून दोन हंगाम निघतील आणि त्यातून होणाऱ्या उलाढालीवरचा कर तिजोरीत पोचेल. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे राज्याला परतावा मिळतो तो असाच, आडवाटेने आणि हळूहळू.

उशिराची आणखी एक किंमत प्रकल्पाच्या खात्यात कधीच लिहिली जात नाही. पाणी नसल्यामुळे जे वर्ष बुडते, त्या वर्षी सरकारला पीकहानीची मदत द्यावी लागते. कर्जमाफ्या झाल्या, केंद्राची २००८ मध्ये, राज्याच्या २०१७ आणि २०१९ मध्ये. पूर्व विदर्भातल्या धान उत्पादकांना अलीकडे हेक्टरी २० हजार रुपयांप्रमाणे दोन हेक्टरांपर्यंत प्रोत्साहन रक्कम मिळाली. यातली प्रत्येक मदत त्या त्या वेळी घराघरात आवश्यक होती, आणि ती घेणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. पण हा सगळा महसुली खर्च आहे. तो दरवर्षी होतो आणि मागे काही उरत नाही, आणि तो भागवताना कालव्याच्या वितरिकांसाठीचे, म्हणजे मुख्य कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या उपकालव्यांसाठीचे भांडवल मागे पडते. वितरिका अपुऱ्या राहिल्या की पुढच्या वर्षी पुन्हा मदत लागते. या फेऱ्यातून बाहेर पडण्याची किंमत दर वर्षाला वाढत जाते.

राज्याच्या एकूण स्थितीकडे आता या अनुभवाच्या आधारे पाहता येईल. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजानुसार महाराष्ट्रावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या आसपास, म्हणजे स्थूल राज्य उत्पन्नाच्या १९ टक्क्यांहून थोडे कमी आहे. देशातल्या अनेक राज्यांशी तुलना केली तर हे प्रमाण चांगले आहे, आणि राज्याचे उत्पन्न व्याजदरापेक्षा वेगाने वाढत असेल तोवर असे प्रमाण आवाक्यात राहते, हे अर्थशास्त्राचे गणितही बरोबर आहे. परंतु त्याच अर्थसंकल्पात राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी आणि महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली आहे. म्हणजे घेतल्या जाणाऱ्या कर्जाचा सुमारे एक तृतीयांश भाग रोजचा खर्च भागवण्यात जाणार आहे. राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा केंद्राने २००३ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये केला, तो महसुली तूट संपवण्याच्या उद्देशानेच. उरलेले दोन तृतीयांश भांडवली खर्चाला जातात म्हणून समाधान मानावे, तर गोसीखुर्दचा प्रश्न उभा राहतो, की भांडवली म्हणून नोंदलेला रुपया शेताच्या बांधापर्यंत पाणी होऊन किती वर्षांनी पोचला. कर्जाचे राज्य उत्पन्नाशी असलेले प्रमाण हा प्रश्न विचारतच नाही. उत्पन्नवाढीचा वेग व्याजदरापेक्षा जास्त राहील, या गृहीतावर सगळी टिकाऊपणाची गणिते उभी आहेत, आणि तो वेग आपोआप राहत नाही, तो अशाच कामांच्या वेळेवर पुरे होण्यातून येतो.

देखभालीविषयीही लिहिले पाहिजे, कारण झाडीपट्टीत त्याचे उदाहरण गावोगावी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो. कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी बांधलेल्या या तलावांवर धानाची शेती शतकानुशतके उभी होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे मालगुजारांची जमीनदारी गेली, तलाव सरकारकडे आले, गावाचे निस्तार हक्क (तलावाच्या वापराचे परंपरागत हक्क) कागदावर राहिले, पण पाळ आणि सांडवा दुरुस्त करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कित्येक वर्षे धड ठरले नाही. गाळ साचत गेला आणि साठवण घटली. तयार मालमत्तेची दुरुस्ती ही सर्वांत स्वस्त गुंतवणूक असते, आणि अर्थसंकल्पात कात्री लागते ती आधी तिलाच, कारण दुरुस्तीचे भूमिपूजन होत नाही. गोसीखुर्दचा उजवा कालवा ब्रिटिशकालीन आसोलामेंढा तलावाला पाणी पोचवतो. जुन्या आणि नव्या व्यवस्थेची ही सांगड मला या सबंध प्रकल्पातला सर्वांत शहाणा विचार वाटतो, आणि त्याच पद्धतीने लाभक्षेत्रातल्या लहान तलावांचा विचार सुरुवातीपासून झाला असता, तर भिंत पुरी होण्याआधीही काही हजार हेक्टर ओलीत वाढले असते.

२००५ च्या कायद्याने कालव्यावरच्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना पाणी मोजून घेण्याचा आणि पट्टी वसूल करण्याचा अधिकार दिला. पण टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोचत नसेल तर टेलचा शेतकरी पट्टी का देईल, आणि पट्टी आली नाही तर चाऱ्यांची (शेतात पाणी नेणाऱ्या लहान पाटांची) साफसफाई कशातून होईल, हा पेच संस्थेच्या बैठकीत सुटत नाही. तो सुटण्यासाठी आधी लघुवितरिका पुऱ्या व्हाव्या लागतात.

आता याच जलाशयातून वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्प निघणार आहे. सुमारे ४२६ किलोमीटर लांबीच्या जोडकालव्याने नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतल्या सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टरांना पाणी द्यायचे आहे, आणि २०२४ मध्ये मान्य झालेली त्याची किंमत ८७ हजार कोटींच्या वर आहे. पश्चिम विदर्भाला या पाण्याची गरज आहे याविषयी माझ्या मनात संशय नाही. पण पहिली निविदा काढण्याआधी काही गोष्टी लेखी ठरल्या पाहिजेत. पुढच्या दहा वर्षांत दरवर्षी किती पैसा लागेल आणि तो कोणत्या तरतुदीतून येईल, याचे पत्रक अर्थसंकल्पाबरोबर विधिमंडळापुढे ठेवले जावे, आणि चालू प्रकल्पांचे उरलेले दायित्व त्याच पत्रकात, त्याच पानावर असावे. काम टप्प्यांत असे पाडावे, की पहिल्या टप्प्याचे पाणी शेतात पोचेपर्यंत तिसऱ्याचे भूसंपादन सुरू होणार नाही. विस्थापितांचा मोबदला माती हलण्याआधी पूर्ण दिला जावा. महामंडळाने घेतलेला प्रत्येक रुपया राज्याच्या कर्जात मोजला जावा. आणि या सगळ्याच्या आधी पवनी, भिवापूर, ब्रह्मपुरी आणि सावली तालुक्यांत गोसीखुर्दच्या ज्या वितरिका अपुऱ्या आहेत, त्यांची गावनिहाय यादी, उरलेला खर्च आणि पूर्ततेची तारीख त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, म्हणजे रोवणीच्या तोंडावर पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला निदान आपला क्रमांक कितवा आहे ते वाचता येईल.